वाऱ्याची वाटणी

ऑगस्ट संपत आला की आमच्या मंडळातल्या कुठल्या तरी मुलाचा फोन येतोच. "काका, लायसन्स काढलं, बंदूकही बघून ठेवली. आता जायचं कुठे?" मिनेसोटात सप्टेंबरच्या सुरुवातीला गीजचा हंगाम उघडतो आणि या मुलांना वाटतं, जागा कळली की झालं. पण जागा काय, नकाशावर दिसते. फोनवर बोट फिरवलं की सरकारी शिकारभूमीचा एकेक तुकडा रंगवलेला सापडतो. त्याच तुकड्यावर त्याच पहाटे येणारी बाकीची माणसं मात्र नकाशावर नसतात, आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे नियमांच्या पुस्तिकेत फारसं सापडत नाही. दरवर्षी फोनवर सांगतो तेच आता लिहून टाकतो आहे.

कागदपत्रांचं पटकन आटपू. १९७९ साल संपल्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे बंदूक-सुरक्षेचा दाखला लागतो. त्यानंतर लायसन्स, राज्याचा पाणपक्ष्यांचा स्टॅम्प आणि वयाची १६ वर्षं पूर्ण असतील तर केंद्राचा २५ डॉलरचा डक स्टॅम्प. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा पोलादी घ्या. आपल्या मुलांसाठी एक जास्तीची गोष्ट. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार-लायसन्स हा त्या मनाईच्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणून आधी लायसन्स आणि मगच बंदूक, आणि "जरा धरून बघ" म्हणून मित्राने पुढे केलेली बंदूकसुद्धा मगच. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्याने एकदा वकिलाला विचारून घ्यावं. वकिलाची फी बंदुकीपेक्षा कमी असते.

पुण्याची बहीण दर फोनला विचारते, "तू हे करतोस तरी कसं?" तिचा प्रश्न रास्त आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर असली शिकार उरली नाही, आणि ते बरंच झालं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला थंडीत पट्टकदंब उतरतात, तिथे मीही दुर्बीण घेऊनच जातो. इथली गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मी राहतो त्या रॉचेस्टर गावात १९६२ साली हॅरॉल्ड हॅन्सन नावाच्या जीवशास्त्रज्ञाला सिल्व्हर लेकवर जायंट कॅनडा गूज सापडली. ही जात नामशेष झाली असंच तोवर सगळे धरून चालले होते. आज तीच जात गोल्फच्या मैदानांवर आणि शाळांच्या अंगणांत इतकी माजली आहे, की सप्टेंबरचा लवकरचा हंगाम मुख्यतः तिच्यासाठी ठेवावा लागतो. ती ज्या पाणथळींवर वाढते त्यांतल्या पुष्कळशा शिकाऱ्यांच्या पैशातून विकत घेतलेल्या आहेत. डक स्टॅम्प १९३४ साली निघाला तेव्हा एक डॉलरचा होता. आज त्याच पैशातून केंद्र सरकार पाणपक्ष्यांच्या विणीच्या जागा घेतं. राज्याने १९५१पासून पाणथळी वाचवायच्या मोहिमेतून ज्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, त्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया, सगळे डब्ल्यूएमए म्हणतात त्या, आता सुमारे १३ लाख एकर आहेत. बहिणीला हे पटत नाही. तिला पटावं असा माझा आग्रहही नाही.

या जमिनीवर ना कोणी पावती फाडत, ना जागा नेमून देत. गवताळ पार्किंग, एक फळी, त्यावर नाव, आणि पुढे सगळ्यांचं सगळं. अडचण इथूनच सुरू होते, कारण 'सगळ्यांचं' म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब माणसं जमिनीत करतात. मी इथे, तू तिथे, मध्ये शंभर पावलं, झालं की! गीजच्या शिकारीत हा हिशेब चुकतो. इथे वाटून घ्यायचा असतो वारा.

कॅनडा गूज वाऱ्याकडे तोंड करून उतरते. पाच-सहा किलोचं अंग वारा छातीवर घेतल्याशिवाय अलगद टेकत नाही. म्हणून शिकारी वारा पाठीवर घेऊन बसतो, डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, समोर मांडतो, त्यांच्या मध्ये उतरायला मोकळं अंगण सोडतो, आणि पक्षी त्याच्या तोंडासमोरून येतात. तुमची बसायची जागा चार पावलांची. पण तुमच्यासमोर, वारा जिकडे वाहत जातो तिकडे, पाव मैल लांबीची एक रिकामी पट्टी लागते. थवा त्या पट्टीत वळसा घेतो, खाली निरखतो, पंख थोपवतो, पाय सोडतो. एखादा थवा दोन वळशांत येतो, एखादा सहा घेऊनही निघून जातो. त्या पट्टीत माणूस हलला, टोपी चमकली, कुत्रं उठलं, की संपलं. तिला कुंपण नसतं, नकाशावर रेघ नसते, आणि वारा फिरला की तीही फिरते. सार्वजनिक जमिनीवरचे जेवढे तंटे मी पाहिले, त्यांतले बहुतेक या पट्टीवरून पेटलेले होते. भांडणारांपैकी एकाला ती पट्टी दिसत असते आणि दुसऱ्याला ती असते हेच माहीत नसतं.

मागे एका ऑक्टोबरात भाचा आला होता, विद्यापीठात शिकणारा. तो, मी आणि माझा शेजारी, असे तिघे गेलो. शेजारी म्हणजे निवृत्त गवळी, पंचाहत्तरीचा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. मला गीजच्या मागे त्यानेच लावलं. उथळ तळ्याच्या काठाला कापलेल्या गवताची पट्टी होती आणि मागे पाणकणसांची दाटी. वारा वायव्येचा. आम्ही पाणकणसांना पाठ लावून आग्नेयेकडे तोंड करून बसलो. सूर्य थोडा डोळ्यांत येत होता, पण वाऱ्यापुढे इलाज नव्हता. गीज पहाटे मक्याच्या धसकटांत चरायला जातात आणि साडेआठ-नऊला पाणी प्यायला परततात, तेव्हा घाई नव्हती. उजाडल्यावर एक पिकअप आला. तिघं तरुण उतरले आणि आमच्या बरोब्बर समोर, वाऱ्याखाली, दीडशे पावलांवर डिकॉय मांडू लागले. आम्ही टॉर्च हलवला, म्हाताऱ्याने उभं राहून टोपी दाखवली. त्यांनीही हात हलवला, नमस्कार-चमत्कार झाल्यासारखा, आणि काम चालू ठेवलं.

पहिला थवा आला तो आमच्या डिकॉयकडे बघत. वळसा घेताना तो त्यांच्या डोक्यावरून गेला, बराच उंच, साठ-सत्तर यार्ड असेल. तिघांनीही बार उडवले. एक पीस पडलं नाही. थवा उंच चढला आणि दक्षिणेला दिसेनासा झाला. दुसऱ्या थव्याचं तेच. तिसऱ्या वेळी एक गूज पंखाला लागून तिरकी खाली येत आमच्या दिशेने घसरली, जमिनीपासून दोन माणसं उंचीवर. त्यांच्यातल्या एकाची नळी तिच्याबरोबर फिरत आली. मी म्हाताऱ्याचा "खाली!" ऐकला आणि लगेच बार. पाणकणसांत छर्रे सळसळले. भाचा म्हणाला, "मामा, काहीतरी लागलं." त्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चंद्रकोरीएवढा खरवडा होता. तो शिकारीचा जाड काचेचा चष्मा होता, उन्हासाठी घातलेला. बीबी आकाराचा पोलादी छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो. दीडशे पावलांवर त्याचा जोर ओसरलेला असतो, पण डोळ्याला ओसरलेलाही पुरतो.

म्हाताऱ्याने बंदूक रिकामी करून जमिनीवर ठेवली आणि मोकळे हात दिसतील असे बाजूला धरून तो चालत तिकडे गेला. मी मागून. त्याने चष्मा दाखवला. तिघांतला लहानगा पांढराफटक पडला. मोठा मात्र म्हणाला, "पब्लिक लँड आहे, आमचाही तेवढाच हक्क आहे." म्हातारा म्हणाला, "आहे ना. म्हणूनच आम्ही निघतोय." परत येऊन आम्ही डिकॉय गोळा केले. भाचा गाडीत धुसफुसत होता, की आपण का निघायचं, आधी आपण आलो होतो. म्हाताऱ्याने त्या दिवसाची सगळी शिल्लक वाक्यं तिथे खर्च केली. समोरच्याला पट्टी कळत नाही, त्याचा टप्पा त्याला कळत नाही, आणि त्याच्या हातात भरलेली बंदूक आहे. अशा माणसासमोर आपण बरोबर असणं हे काही चिलखत नव्हे.

यातून जे निघतं ते फोनवरच्या मुलांना असं सांगतो. उशिरा पोचलात तर आधी वारा बघा, मग आधीच्यांचे टॉर्च बघा, आणि त्यांच्या वाऱ्याखाली कधीही बसू नका, कितीही लांब वाटलं तरी. बाजूला जा, आडव्या वाऱ्याला. डिकॉय एकेक करून मोजता येत असतील तर तुम्ही फार जवळ आहात. मी दोनशे यार्डांच्या आत बसत नाही, उघड्या मैदानात चारशेही मला कमी वाटतात. तेवढी जागाच नसेल तर सरळ चालत जा, कोकरासारखं वागा आणि विचारा, "तुमच्यात बसू का?" अर्ध्या वेळा हो म्हणतात. दोन स्प्रेड, म्हणजे डिकॉयच्या दोन मांडण्या, शेजारी भांडण्यापेक्षा एक मोठा स्प्रेड पक्ष्यांनाही आवडतो. आणि वारा फिरला, सकाळच्या वाऱ्याची खोडच ती, तर उठून पुन्हा विचारा. आधी बाजूला असलेले तुम्ही आता कोणाच्या तरी समोर आला असाल.

वळसे घेणारा थवा ज्याच्या डिकॉयकडे बघतोय त्याचा. त्याला तुम्ही कॉल, म्हणजे गीजचा आवाज काढणारी शिट्टी, वाजवायचा नाही, झेंडा दाखवायचा नाही, आणि वळसा घेताना तुमच्या डोक्यावरून गेला तरी बार टाकायचा नाही. हे सगळ्यात अवघड. चाळीस यार्डांवरून पंखांची घरघर ऐकू येते, हात शिवशिवतात, आणि थवा मात्र शेजाऱ्याचा असतो. कोणाच्याच स्प्रेडकडे न बघता सरळ जाणारे पक्षी टप्प्यात आले तर ते खुशाल तुमचे.

टप्पा म्हणजे चाळीस यार्ड. पोलादी छर्रा शिशापेक्षा हलका, त्याचा जोर लवकर जातो. त्यात जायंट कॅनडा गूज एवढी मोठी, की लांब असूनही जवळ भासते. बदकं मारून आलेल्याची इथेच फसगत होते. मी डिकॉय मांडतानाच सगळ्यात लांबचा चाळीस पावलांवर ठेवतो. त्याच्यापलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलायची नाही. पलीकडे टाकलेले बार एकतर हवेत जातात, नाहीतर जखमी पक्षी दोन मैलांवर जाऊन मरतो. कायदा सांगतो, की पाडलेला पक्षी शोधून ताब्यात घ्यायचा मनापासून प्रयत्न झालाच पाहिजे. कायद्याचं राहू द्या, पण अशा उंच बारांनी त्या तळ्यावरचे सगळे थवे शिकतात. दुसऱ्या दिवशी ते त्या काठाला शंभर यार्डांच्या वर राहून वळसा घालतात. नासलेली सकाळ एकट्या तुमची नसते, आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाची असते. रात्रीच्या मुक्कामाच्या पाण्यावर बार टाकण्याचंही तेच. कुठे कुठे ते नियमात बसतं. तरी करू नये. मुक्काम मोडला की पक्षी जिल्हा सोडतात.

एका लपणात दोघे-तिघे असाल तर नळीची हद्द आधी ठरवून घ्या. डावीकडचा डावीकडेच, उजवीकडचा उजवीकडेच, आणि कोणाच्याही डोक्यावरून नळी फिरणार नाही. शेजारचा स्प्रेड कुठे आहे ते बोटाने दाखवा. त्या दिशेला खाली आलेला पक्षी, जखमी असला तरी, सोडायचा. चष्म्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पार्किंगची गोष्ट वारंवार सांगूनही मुलं विसरतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिला बार टाकता येतो, म्हणून गाड्या साडेतीन-चारपासून येऊ लागतात. तिथे गाडीतच दबून बसून राहू नका. उतरा, हेडलाइट बंद करा, आणि शेजारच्या गाडीपाशी जाऊन सांगा, की मी उत्तरेच्या टोकाला जातोय, तुम्ही? खरं सांगा. काही लोक खोटं सांगतात आणि मग अंधारात दोन टोळ्या एकाच काठावर येऊन धडकतात. आधी आलेल्याला आधी निवडू द्या, आणि तुमची दुसरी जागा घरून ठरवून आणा. तिसरीही. मी पोचतो तेव्हा चार गाड्या दिसल्या तर मी पुढच्या डब्ल्यूएमएला जातो. दोन तासांची झोप वाया जाते, सकाळ वाचते. रात्रभर डिकॉय टाकून जागा अडवणारेही भेटतील. ते नियमात बसत नाही, पण तुम्ही त्यांचे डिकॉय हलवू नका. जागा बदला आणि परत आल्यावर कळवा.

इथे एक बाजूची गोष्ट सांगायला हवी. पहाटे चारला, खेड्यातल्या पार्किंगमध्ये, सावळा चेहरा दिसला की लोक जरा जास्त वेळ बघतात. "कुठले तुम्ही?" विचारतात. रॉचेस्टर म्हटलं की "नाही, मूळचे?" बहुतेकांच्या त्या प्रश्नात कुतूहलापलीकडे काही नसतं. ज्याच्या असतं तो चार वाक्यांत कळतो आणि त्याच्यापासून दोन मैल लांब बसावं. मी वाऱ्याबद्दल विचारतो. वायव्येचा टिकेल का, दुपारी फिरेल का? समोरचा शिकारी असेल तर तो या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहूच शकत नाही, आणि मग आम्ही दोघं हवामानावर वैतागणारी माणसं होतो.

नऊ वाजले की सरकारी जमिनीवर दुसरी पाळी सुरू होते. मिनेसोटात फेझंटचा पहिला बार सकाळी नऊच्या आधी टाकता येत नाही, म्हणून फेझंटवाले आरामात, कुत्री घेऊन, नारिंगी टोप्या घालून येतात आणि गवत विंचरत निघतात. नेमकी गीज परतायची वेळ. ते तुमच्या स्प्रेडमधून चालत गेले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांना तुम्ही दिसलेलाच नसता. लपून बसणं हेच तर आपलं काम. लांबून येताना दिसले की उभे राहा, हाक मारा, हात दाखवा. बहुतेक जण वळसा घालून जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांचा बंदुकीचा हंगाम लागतो. तेव्हा पार्किंगपासून लपणापर्यंत जाता-येता अंगावर नारिंगी असू द्या, जागेवर पोचल्यावर काढा. आणि दुर्बिणी घेऊन आलेले पक्षीनिरीक्षक, त्यांच्या समोर मेलेल्या गीजचं प्रदर्शन मांडू नका. गाडीच्या बंपरवर रांगेने ठेवून काढलेला फोटो तुम्हाला गंमत वाटतो. पार्किंगमध्ये पिसं आणि आतडी टाकून जाणाऱ्याबद्दल तर बोलतच नाही. रिकामी काडतुसं उचला, तुमची नसली तरी.

जागा दाखवण्याबद्दल मी कडवा आहे, आणि राहणार. मला म्हाताऱ्याने जी दोन तळी दाखवली ती मी एकट्यानेच जाऊन बघायची आहेत, किंवा त्याला विचारून कोणाला न्यायचं आहे. गोव्यात डोंगरावर अळमी कुठे उगवतात हे सासऱ्याने जावयाला सांगितलं तर जावई ते बाजारात ओरडत नाही, तसंच हे. जमीन सार्वजनिक आहे, माहिती नाही. आमच्यातल्या एकाने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, चार गीज आणि मागे धान्याचा सायलो. सायलोवर सहकारी संस्थेचं नाव. पुढच्या शनिवारी त्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नव्हती. फोटो टाका, पण पाठीमागे फक्त आभाळ येऊ द्या.

आपल्या लोकांची खास खोड म्हणजे संख्या. "सगळे मिळून जाऊ या, मजा येईल." आठ जण, दोन व्हॅन, डब्यात पोहे, एक जण नुसता बघायला, त्याच्या अंगात पांढरं जॅकेट. सार्वजनिक तळ्याच्या काठावर आठ जण बसले की उरलेल्या सगळ्यांना तो काठ बंद. तिघांपेक्षा जास्त नेऊ नका. तीन बंदुकांत एक नवशिका पुष्कळ झाला. त्याच्या शेजारी जाणत्याने स्वतःची बंदूक न भरता बसावं, निदान पहिला तास. पोह्यांना माझी हरकत नाही. फोडणीचा वास गीजला येतो की नाही माहीत नाही, शेजाऱ्याला येतो आणि तो चौकशीला येतो. त्या ओळखीतून मला एका शेतकऱ्याची धसकटांची परवानगी मिळाली आहे. मिनेसोटात शेतजमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, पाटी असो वा नसो, तेव्हा ती परवानगी सोन्याची.

पडलेला पक्षी दुसऱ्याच्या स्प्रेडमध्ये गेला तर बंदूक जागेवर ठेवा, हात वर करून खूण करा आणि आकाश रिकामं असताना जा. बहुधा त्याचं कुत्रंच आणून देईल. खरी पंचाईत पायात अॅल्युमिनियमची कडी असलेल्या पक्ष्याची. संशोधक ती कडी घालतात. तिच्यावरचा आकडा कळवला की पक्षी कुठे, केव्हा पकडला होता ते तुम्हाला कळतं, आणि त्यांनाही तो कुठे पडला ते. शिकारी लोक त्या कड्या कॉलच्या दोरीत माळेसारख्या घालतात, आणि अशा एका कडीसाठी भावाभावांत अबोला धरल्याचं मी पाहिलं आहे. दोघांचे बार एकाच वेळी गेले आणि एक कडीवाला पक्षी पडला तर नाणं उडवा, तिथेच, पक्षी गरम असतानाच. घरी नेऊन ठरवू म्हटलं की ठरत नाही. आणि कडी कोणाचीही होवो, आकडा त्याच दिवशी कळवा.

भांडण पेटलंच तर उद्धटपणा आणि गुन्हा यांत फरक करा. वाऱ्याखाली बसणं हा उद्धटपणा झाला, आणि त्यावर कुठल्या अधिकाऱ्याला बोलावलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील. वेळेआधी बार टाकणं, मर्यादेपेक्षा जास्त मारणं, कोणाच्या दिशेने बंदूक रोखणं हे गुन्हे. त्यांच्यासाठी राज्याची टर्न इन पोचर्स ही हेल्पलाइन आहे. गाडीचा नंबर, वेळ, जागा टिपा आणि लांबून फोन करा. दोन्हीकडे काडतुसं भरलेली असताना कोणाला अक्कल शिकवायला जाऊ नका. निघताना मात्र भर उड्डाणाच्या वेळी शेजाऱ्याच्या समोरून तरातरा चालत जाऊ नका, रागात असलात तरी. मागून जा, किंवा थवा उतरेपर्यंत थांबा. दिवसाची मर्यादा लवकर पुरी झाली तरी हेच. आणि पार्किंगमध्ये कोणी वाट बघत असेल तर त्याला तुमची जागा देऊन टाका.

वसंतातल्या स्नो गीजचं अजून राहिलं. स्नो गीज इतक्या वाढल्या की हडसन बेच्या बाजूची टुंड्राची जमीन त्या उकरून उघडी करू लागल्या, म्हणून १९९९पासून वसंतात त्यांच्यासाठी नेहमीचे काही नियम सैल केले आहेत. तीन काडतुसांची अट उठते, आणि इलेक्ट्रॉनिक कॉल, म्हणजे सरळ स्पीकर, चालतो. लोक शेकड्यांनी डिकॉय मांडतात. इथे वाऱ्याच्या पट्टीइतकाच आवाजही वाटून घ्यावा लागतो. तुमच्या स्पीकरचा कलकलाट वाऱ्यावर स्वार होऊन अर्ध्या मैलावर बसलेल्याच्या डिकॉयवर जाऊन पडतो, आणि त्याच्याकडे वळलेला थवा मधेच गोंधळून उंच चढतो. त्याचा आवाज तुमच्याकडे येत नाही, कारण तो वाऱ्याखाली आहे, म्हणून तुम्हाला वाटतं मैदानात तुम्ही एकटेच. स्पीकर लावलात की एक जण बंदूक ठेवून वाऱ्याखालच्या बाजूला दहा मिनिटं चालत जाऊ दे. जिथवर ऐकू येतं तिथवर दुसरा कोणी बसलेला असेल तर आवाज कमी करा, आणि त्याला विचारून या, आता बरं आहे का.